आईच्या शेतातला मातीचा मंडप

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, व्यवसाय इमारतींचे आराखडे काढणे व सभा गाजवणे, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरीणबाईंनी तपासले आहे. धाकट्या भावाचे नाव काढले की रक्तदाब चढतो, हेही त्यांनी नोंदवले आहे.

१. गावाबाहेरचे शेत माझ्या नावावर आहे. युद्ध संपून दोन वर्षे झाल्यावर आमची आई तिथे सरपणाला गेली आणि पुरून ठेवलेल्या सुरुंगावर पाय पडून जागीच गेली. त्या शिवारात अशी एकेचाळीस माणसे मेली. वाचली त्यांचे पाय गेले. हे शेत मी सुरुंगग्रस्तांच्या संघटनेला देते. तिथे स्मारकाचा मंडप माझ्या आराखड्याबरहुकूमच बांधावा: भिंती त्याच शेतातल्या मातीच्या, छप्पर बांबूचे, आत जायला लांब, सौम्य उतार. दर वर्षी पावसाआधी मेलेल्यांच्या घरच्यांनी भिंती स्वतःच्या हातांनी लिंपाव्यात.

२. स्मारक समितीचा अध्यक्ष माझा भाऊच. त्याने परस्पर आराखडा बदलून ग्रॅनाइट आणि समोर पाच भव्य पायऱ्या ठरवल्या.

"आक्का, माती किती दिवस टिकणार? ग्रॅनाइट लावला की शंभर वर्षं बघायला नको."

"बघायला नको, हेच तर तुला हवंय! आईकडेही कधी बघितलं होतंस?"

एकदा दगड बसवून, हार घालून मोकळे व्हायचे, याला मी स्मारक म्हणत नाही. ज्याला दर वर्षी हात लावावा लागतो, तेच विसरता येत नाही. समितीने पायऱ्यांची एक वीटही रचली, तर संघटनेने कोर्टात जावे. खर्चाला माझी सगळी शिल्लक आहे.

३. राग एकट्या भावावर नाही. माझ्या पहिल्या आराखड्यातही तीन पायऱ्या होत्या. आमचा गवंडी, दोन्ही पाय गुडघ्याखाली गेलेला, चाकांच्या पाटावरून येऊन कागदावर वाकला आणि म्हणाला, "ताई, झकास! पण या पायऱ्या कुणासाठी? सुरुंग पेरणाऱ्यांसाठी का?" चाळीस वर्षे भाषणे ठोकून मी हे काढले होते! तो कागद चौकटीत घालून भावाला द्यावा. त्याच्या दिवाणखान्यात तो शोभेल.

४. राहते घर भावाला. आईचाच तो मुलगा, काय करणार.

५. उद्घाटन त्यालाच करायचे असेल, तर चाकांच्या खुर्चीत बसून, स्वतःच्या हातांनी चाके फिरवत उतार चढावा. कोणी ढकलू नये.

६. गवंडी साक्षीदार असल्याने कायद्याने त्याला काही देता येत नाही. "बरं झालं," तो म्हणाला, "नाहीतर मीच तुम्हाला भरीला पाडलं म्हणतील."

सहीपूर्वीची दुरुस्ती: गवंड्याला सहीसाठी घरी बोलावले होते. तो म्हणाला, "ताई, कागद तुम्हीच घेऊन या. तुमच्या दाराला चार पायऱ्या आहेत. तीस वर्षं मी खालूनच हाक मारतोय." म्हणून कलम ४ असे वाचावे: भावाने आधी त्या चार पायऱ्या फोडून उतार करावा, गवंड्याला त्यावरून आत नेऊन पाणी द्यावे, आणि मगच घराचा ताबा घ्यावा.

ठिकाण: गवंड्याचे अंगण
दिनांक: १७ फेब्रुवारी २०१९

लिहून ठेवणार: आक्का (सही)
साक्षीदार: १. गवंडी (सही) २. डॉक्टरीणबाई (सही)