टॅबच्या कपाटाची राखण

१२ जून
टॅब आले. पाचवीच्या वर्गात त्यांच्यासाठी लोखंडी कपाट बसवलं. किल्ली देताना मोठ्या बाई म्हणाल्या, "आबा, एकाला ओरखडा गेला तर शाळेचं मंडळ मला विचारेल आणि मी तुम्हाला." शिपाई म्हणून माझी मुदत कधीच संपली. फाटकाजवळची ही खोली आता या राखणीपुरतीच. टॅब गेले की मीही गेलो.

१५ जून
बसवणारा माणूस कपाटात तारा जोडून गेलाय. प्लग काढायचा नाही म्हणे, चार्जिंग राहतं. हात लावून पाहिला तर कपाट कोमट! आग लागली म्हणजे? प्लग काढून ठेवला. धूळ बसू नये म्हणून एकेक टॅब कापडात गुंडाळला. हिची मोठी चादर फाडली. नाही तरी मला एकट्याला दोघांचं अंथरूण कशाला?

२ जुलै
पाचवीच्या बाई टॅब मागायला आल्या. आधी पोरांचे हात बघतो म्हणालो. एकाचे चिकट, एकाचे ओले. बाईंनी मलाच हात जोडले. "राहू द्या आबा, तुमच्यापेक्षा खडू बरा." पोरं हसली. हसू देत. टॅब शाबूत आहेत ना?

२० जुलै
पलीकडच्या शाळेत खिडकी उचकटून संगणक नेले. खाट वर्गात नेली — कपाटाला टेकवून.

३ ऑगस्ट
मुलीचा फोन. इकडेच राहायला या म्हणते, जागा आहे. किल्ली कुणाकडे देऊ, म्हटलं. "बाबा, मी तुमचं कपाट असायला हवी होते." फोन ठेवला तिने. परत लावायचा धीर झाला नाही.

२८ ऑक्टोबर
टॅब मागायला हल्ली कुणी येत नाही. आज दिवसभर कुणाशी बोललो नाही.

११ डिसेंबर
मंडळाची माणसं येणार, म्हणून टॅब बाहेर काढले. कोरे करकरीत! पण एकही सुरू होईना. दुरुस्तीवाला आला. रिकाम्या बॅटऱ्या इतके महिने पडून राहिल्या की मरतात, म्हणाला. काहींची पाठ फुगली होती. प्लग कोणी काढला, विचारलं त्याने. मी, म्हणालो. मोठ्या बाई टॅब परत कापडात गुंडाळू लागल्या. दोन शिव्या तरी द्यायच्या.

१२ डिसेंबर
मोठ्या बाईंनी मंडळाची भेट पुढे ढकलली. मी किल्ली पुढे केली. घेतली नाही. "कुलूप तसंच असू द्या आबा. हे बाहेर कळायला नको."
म्हणजे खोली राहिली.
संध्याकाळी मुलीला फोन लावला. न्यायला ये, म्हटलं. इथे आता चोरण्यासारखं काही नाही.