मुक्कामी गाडी

सुदर्शन,

तुझ्या नावाआधी चिरंजीव लिहायला आज हात रेटत न्हाई.

तुझी कादंबरी वाचली. त्या नवरा-बायकोची लई किळस आली. सासू दारात आली की बायको म्हणते, "आली मुक्कामी गाडी," अन् नवरा फिदीफिदी हसतो. लातूरच्या सत्कारात लोक म्हणाले, काय कल्पना हाय! कसली कल्पना? नांदेडला तुझ्या दाराशी मी पिशवी घेऊन उभी होते, तवा तुझ्या बायकोचं, पुनमचं हेच बोलणं अन् तुझं हेच हसणं ह्या कानांनी ऐकलं. आई मागं जिना चढून राहिली होती. तिला तशीच मुरुडला माघारी आणली.

पुस्तकात शेवटी म्हातारीला मारून तू पानभर रडलास. खरी म्हातारी इथं माझ्याजवळ शेंगा फोडून राहिली. तिला तुझा साधा फोन न्हाई.

दुपारी मी तिला पुस्तक वाचून दाखवते, मुक्कामी गाडी गाळून. काल म्हणाली, "शेवटाला लेक येतो का गं म्हातारीला भेटायला?"

"हाव, येतो."

"वाटलंच. माझ्या सुदर्शननं लिहिलंय न्हवं."

हे पत्र मी टपालात टाकणार न्हाई. टाकलं, तर तुझ्या पुढच्या पुस्तकात छापून येईल, अन् त्याचाही सत्कार होईल.

तुझी अक्का,
सिंधु