दरवर्षीचा राजीनामा

१४ ऑगस्ट

राजीनामा दिला! एकतिसावा. दरवर्षी आइस हॉकीच्या रिंकमध्ये बर्फ घालायच्या आधी देतो – कॉलेजला सवय आहे, मलाही. हल्वर क्रीडासंचालक असताना कागद न वाचताच घडी करून खिशात घालायचा. "चल ड्वेन, मासा खाऊ," म्हणायचा, आणि दुसरी प्लेट संपेपर्यंत मला नव्या स्टिका नाहीतर नवी बस मिळालेली असायची. यंदाची मागणी तर अगदी साधी : कोणाला कधी खेळवायचं ते संगणक सांगणार नाही, मी सांगणार.

पण हल्वर निवृत्त झाला. त्याच्या जागी हा प्रेस्टन – वय चौतीस, दात जाहिरातीतले. त्याने कागद शेवटपर्यंत वाचला. वाचला! मग उठून माझा हात हातात घेतला. "कोच, तुमच्या निर्णयाचा मी आदर करतो."

कसला निर्णय, बाबा?

१५ ऑगस्ट

फोन नाही.

२ सप्टेंबर

फोन नाहीच. पोस्टर आलं. 'कोच किवेला : अखेरचा हंगाम'. गावभर लावलंय, खाटकाच्या दारावरसुद्धा.

लॉरेन म्हणाली, "खरं सांगून टाक ना त्याला."

"काय सांगू? तीस वर्षं नाटक करत होतो म्हणून?"

"हो."

बायकोला हॉकी कळते, इज्जत कळत नाही.

११ नोव्हेंबर

परगावी सामना. ४-१ जिंकलो. त्याआधी यजमानांनी मला बर्फावर बोलावून एक डुलती खुर्ची भेट दिली! त्यांच्या कॉलेजचा शिक्का मारलेली. दोन हजार माणसं उभी राहिली. हीच माणसं इतकी वर्षं माझ्या पाठीमागून ओरडायची – "थेरड्या, घरी जा!" आता मी खरंच चाललोय म्हटल्यावर डोळे पुसतायत. ढोंगी कुठले!

खुर्ची बसमध्ये मावेना. गोलकीपरने साडेतीन तास मांडीवर घेतली.

२१ जानेवारी

पाचवी खुर्ची. सगळ्या कॉलेजांनी संगनमत केलंय की काय? लॉरेन म्हणते, "पाहुणे आले की सगळे डुलतच बसतील. एकेकाला बोट लागेल."

आज रविवार, म्हणून ऐलीचा फोन. आमची लेक विस्कॉन्सिनमधल्या एका कॉलेजात मुलींच्या संघाची कोच आहे. जिंकते म्हणे. "बाबा, तू खरंच सोडतोयस ना? नक्की?" दोनदा विचारलं. मी म्हटलं, "पोस्टर नाही पाहिलंस?" मग तिच्या संघाचा बचाव कुठे उघडा पडतो ते अर्धा तास समजावून सांगितलं. मुलींना वेळीच सांगितलेलं बरं.

२ मार्च

लीग जिंकलो! अकरा वर्षांनी! पोरांनी माझ्या डोक्यावर बादलीभर बर्फ ओतला. मान अजून वळत नाही.

जेवताना माजी खेळाडूंच्या कानावर घातलं – कॉलेजने फारच गळ घातली तर मी काही अगदी नाही म्हणणार नाही. लॉरेनने टेबलाखालून लाथ मारली. "पुरे कर आता, ड्वेन."

६ मार्च

प्रेस्टनकडे दोनशे बारा पत्रं गेली! काहींचा मजकूर मी सांगितला, पण भावना त्यांच्याच.

८ मार्च

जिंकलो!! प्रेस्टनने बोलावलं. दात आज दिसले नाहीत. "एक वर्ष वाढवून देतो, कोच." म्हणाला, नवा कोच जवळजवळ ठरलाच होता, पण मी राहतोय असं कळल्यावर त्या उमेदवाराने आपण होऊन माघार घेतली. नाव सांगायची परवानगी नाही म्हणे. मी म्हटलं, कोणाला हवंय नाव? एका म्हाताऱ्याला बघून जो पळतो, तो पंचवीस धटिंगण काय सांभाळणार? भित्रा लेकाचा!

घरी येऊन हे सगळं साभिनय करून दाखवलं. लॉरेन मध्येच उठून आतल्या खोलीत गेली. आनंदाश्रू लपवायचे असावेत.

१० मार्च

रविवार असून ऐलीचा फोन नाही. मीच केला, तर उचलला नाही. सामना असेल.

लॉरेन सकाळपासून माझ्याशी बोलत नाहीये.

११ मार्च

तो उमेदवार म्हणजे ऐली.

लॉरेनला डिसेंबरपासून माहीत होतं; आज शेवटी बोलली. "तिने मला शपथ घातली होती. बापाच्या वशिल्याने नको होतं तिला काही." आणि मग, "तुझ्याशी भांडून मिळवायचंही नव्हतं."

भित्रा म्हणालो मी. माझ्या पोरीला. हावभाव करून.

दुपारपासून राजीनामा लिहितोय. चार कागद फाडले. खरा कसा लिहितात ते मला माहीतच नाही.