जिन्याकडची भिंत

दि. ४ जानेवारी

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही तुमच्या मनाने जुळवता, म्हणून पत्रच लिहितोय. बातमी मोठी आहे. मी सुतारकाम करतो त्या टीव्हीच्या कार्यक्रमासाठी आत्याचं स्वयंपाकघर निवडलं गेलंय. तोच कार्यक्रम, तीन दिवसांत जुनं पाडून नवं करायचं आणि चौथ्या दिवशी घरच्यांच्या डोळ्यांवरची पट्टी सोडायची. मी आत्याचं नाव नुसतं सुचवलं होतं. फोटो पाहून डिझायनरबाई म्हणाल्या, इतकं काळवंडलेलं स्वयंपाकघर शोधूनही मिळालं नसतं. हे आत्याला कळू देऊ नका, नाहीतर ती बाईंना दारातूनच परत पाठवेल.

नकाशा पाहिला. खोलीच्या मधोमध परदेशी दगडाचा ओटा येणार आहे. निम्म्याहून जास्त पैसा त्या एका दगडात जातोय. मग दिवे, मग पितळी नळ. शेवटी जे उरतं त्यातून कपाटं, म्हणजे भुसा दाबून केलेल्या पाट्या आणि वरून चकचकीत कागद. मी जरा तोंड उघडलं, तर दिग्दर्शक म्हणाले की दगड टीव्हीवर दिसतो, प्लाय दिसत नाही. या हंगामानंतर मला कायम करणार आहेत, त्यामुळे गप्प बसायला शिकलोय. तुम्ही आत्याला करून दिलेली मांडणी मात्र काढावी लागेल. राग मानू नका.

एक विचारायचं होतं. ते स्वयंपाकघर तुम्ही उभं केलंत. भिंतींत, जमिनीत, मला आधीच ठाऊक हवं असं काही आहे का? जिन्याकडच्या भिंतीवर काचेच्या दारांचं लांबलचक कपाट टांगायचं आहे. भिंत उघडून पाहायला आम्हाला सवड देत नाहीत, म्हणून आत्ताच विचारून ठेवतो.

तब्येतीला जपा. माझ्यावरची माया आहे तशी असू द्या आणि उत्तर लवकर धाडा.

आपला,
ठोक्या


दि. ११ जानेवारी

चि. ठोक्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझा कार्यक्रम मी दर आठवड्याला बघतो, तोही आवाज बंद करून. नाहीतरी मला ऐकू येत नाही, आणि आवाज नसला की माणसांचे हात नीट दिसतात. मागच्या खेपेला एका घरात कपाटाचं दार उघडलं आणि फ्रीजवर आपटलं. तेवढ्यात कॅमेरा फुलदाणीकडे वळला. फरशी तर जुन्या फरशीवरच चिकटवलीत. घरमालकीण रडत होती. मला वाटलं फरशी बघून रडते आहे.

तुझी आत्या एकटी. दिवसभर शिवणाच्या मशीनवर बसणार आणि दोन वेळा आपल्यापुरतं शिजवणार. तिला खोलीच्या मधोमध दगड कशाला? दुखऱ्या गुडघ्यांनी त्याला प्रदक्षिणा घालायला? पण तुमच्यापुढे कुणाचं काय चालणार!

आता कामाचं. सिंकखालचा पाइप कोपऱ्यातून तिरका गेलाय, तिथे ड्रिल लावू नकोस. जमिनीला मोरीकडे उतार आहे, तेव्हा कपाटांचे पाय एका मापाचे कापू नका. जिन्याकडच्या भिंतीवर काही टांगू नकोस. तिथे ओल धरते. माझी मांडणी जशी चार पायांवर उभी होती, तसंच काहीतरी जमिनीवर टेकवून ठेवा. मांडणी काढायची तर काढा, तिचं मला काही नाही.

जेवणाच्या वेळा पाळ. म्हाताऱ्याच्या बोलण्याचा राग आला तर तो ठेवून घे, पण पत्रं थांबवू नकोस.

तुझे बाबा


दि. २० फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

टीव्हीवर पाहिलंस ना? मी दोनदा रडले ते खरं धरू नकोस. पहिल्यांदा रडले ते खरं. पण तेव्हा दिव्याची वायर निघाली होती, म्हणून पट्टी बांधून पुन्हा रडायला लावलं. दुसऱ्या खेपेला डोळ्यांत पाणीच येईना. शेवटी आपल्या आईला आठवलं.

घर उजळलंय, हे खरं. शेजारपाजारचे येऊन हात लावून जातात. शेगडी काचेची आहे, बोट टेकवलं की पेटते आणि माझ्या बोटाला ओळखत नाही. म्हणून जुनी शेगडी गॅलरीत मांडून तिथेच शिजवते. तेवढाच ओट्यावर डाग पडत नाही. खालचा मोठा खण अर्धाच उघडतो, पुढे दगड आडवा येतो. पण दगड वाया गेला असं समजू नकोस, कापड बेतायला तो फार छान आहे! एवढं सपाट, एवढं लांब मला उभ्या जन्मात मिळालं नव्हतं. परवा त्यावर तीन कोट कापले.

काचेच्या कपाटात त्यांनी बारा माणसांची जड जड ताटं रचून ठेवली आणि जाताना तशीच भेट म्हणून सोडली. माझ्याकडे बारा माणसं एकदम कधी जेवली होती, आठव बघ. तुला आठवलं तर मलाही कळव.

यातलं अक्षरही ठोक्याला लिहायचं नाही. बिचाऱ्याने तीन दिवस पाठ टेकली नाही. पुढच्या महिन्यात त्याला कायम करणार आहेत, आणि खण अर्धा उघडला म्हणून माझं काही अडत नाही. तू मात्र वर्षभर फिरकला नाहीस. एकदा येऊन जा.

धाकटीवर लोभ आहे तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझी लाडकी (असं तूच म्हणतोस)


दि. ११ मार्च

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

लिहायला हात धजत नाही, पण दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. परवा सकाळी जिन्याकडचं कपाट ताटांसकट खाली आलं. आत्या खालीच उभी होती. डोकं वाचलं. उजवा हात कपाट आणि दगडाच्या मध्ये सापडला. ऑपरेशन झालं. मनगट जुळेल, पण अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट वळणार नाही असं डॉक्टर म्हणतात. कात्री त्याच दोन बोटांत धरतात. हे ऐकून आत्याने आलेल्या गिऱ्हाइकांचं कापड परत करायला मला सांगितलं, कुणाचं कुठलं तेही नीट सांगितलं.

बाबा, चूक माझी आहे. तुम्ही नको म्हणाला होतात. मी भिंत तपासली, ओल नव्हती. मला वाटलं, तुमचं आपलं जुनं भय. डिझायनरबाई घाई करत होत्या, कॅमेरा चालू होता. ड्रिल लावलं तर आत लाकूड लागलं. खरं सांगतो, मला बरं वाटलं. बाबांनी भिंत केलीय, तेव्हा आत मजबूत चौकट ठेवली असणार, हेच मनात आलं. दुसऱ्या कुणाचं घर असतं तर मी थांबलो असतो, दिग्दर्शकांशी भांडून भिंत फोडून बघितली असती. तुमचं काम म्हणून बघितलं नाही.

आता कंपनीची माणसं म्हणतात की दोष सुताराचा. तसा कागद तयार आहे. वीस तारखेला घेऊन येतील. सही केली की नोकरी गेलीच, आणि या धंद्यात दुसरं कुणी उभं करणार नाही. भिंतीत लाकूड कुठून आलं असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जुनं घर आहे, मला ठाऊक नाही. तुम्हालाही मी ते विचारत नाही आणि तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी सही करणार आहे.

आत्या माझ्याकडेच आहे. आम्हा दोघांवर माया असू द्या.

ठोक्या


दि. १५ मार्च

चि. ठोक्यास,
अ. उ. आ.

सही करू नकोस. बाकीचं सगळं मागून वाच, आधी हे वाच. सही करू नकोस.

त्या भिंतीत ओल कधीच नव्हती. तिथे जिन्यावर उघडणारी खिडकी होती. येणारेजाणारे आत डोकावायचे, म्हणून ती विटांनी बुजवून द्यायचं मी कबूल केलं होतं. तुझी आत्या दुसऱ्या दिवशी राहायला येणार होती. गवंडी आला नाही. तिकडे तुझ्या आईला दवाखान्यात नेल्याचा निरोप आला. घरात फळ्या होत्या, खिळे होते. दोन्ही बाजूंनी फळ्या मारल्या, जाळी लावली, वरून गिलावा ओढला आणि हात धुतले. मध्ये नुसती पोकळी. विटांनी बुजवली म्हणून सगळ्यांना सांगितलं. पुढच्या आठवड्यात गवंडी आणून नीट करीन असं मनाशी म्हटलं. त्या आठवड्यात तू झालास. मग पुढचा आठवडा, मग पुढचा. एकतीस वर्षं झाली.

तिच्या अंगावर काही पडू नये म्हणून मी ती चार पायांची मांडणी करून तिथे लावली. तेवढी अक्कल होती. तेवढी हिंमत नव्हती.

तू जानेवारीत सरळ विचारलंस. मी तीन वेळा खरं लिहिलं आणि तिन्ही कागद फाडले. मुलाने आयुष्यभर बापाच्या कामाची उदाहरणं दिली, त्याला काय लिहायचं? मग ओल सुचली. टीव्हीसमोर बसून दुसऱ्यांच्या फरशीला हसणारा मी! तुमच्या लोकांनी सगळा पैसा दिसेल तिथे घातला आणि तुला तीन दिवसांत गुंडाळायला लावलं, त्याचा जाब त्यांनी द्यावा. पण तिचा हात माझ्या भिंतीने गेला. ते लाकूड बघून तुला बरं वाटलं, हे तू लिहिलंस ना, ते वाक्य मला आता मरेपर्यंत पुरेल.

हे पत्र त्यांच्यापुढे ठेव. खाली माझी सही आहे, लागेल तिथे मी येऊन सांगेन. मात्र आत्यापुढे उभं राहायचं तोंड मला नाही. तिला तूच सांग.

माया कर असं लिहायचा हक्क या पत्रात मला नाही. तू बरा राहा.

तुझे बाबा


दि. २४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न.

अक्षर बघून घाबरू नकोस. डाव्या हाताचं आहे. एवढ्या पत्राला चार दिवस लागलेत, तेव्हा चार वेळा वाच.

ठोक्याने तुझं पत्र मला वाचून दाखवलं. दादा, मला ठाऊक होतं. पहिल्याच हिवाळ्यात कळलं. जिन्यावरून कोण चढतंय ते त्या भिंतीतून मला पावलांवरून ओळखू यायचं. विटांतून असं येत नाही. एकदा खिळा घालून बघितला तर लाकडाला लागला. भोक मीच साबणाने बुजवलं आणि वरून चुना फासला. तू सांगशील म्हणून वाट बघितली. तू यायचास तेव्हा त्या भिंतीकडे पाठ करून बसायचास. मी म्हटलं, एवढं सलतंय तर राहू दे.

मग ते टीव्हीवाले आले. डिझायनरबाईंनी त्याच भिंतीवर हात ठेवून इथे कपाट येणार, आवडेल ना, असं मला विचारलं. कॅमेरा माझ्या तोंडावर होता. भिंत पोकळ आहे म्हटलं तर माझ्या दादाने मला काय बांधून दिलं ते सगळं जग बघेल, एवढंच तेव्हा डोक्यात आलं. आवडेल म्हणाले. पुढे ताटं तरी खाली काढून ठेवायला हवी होती. रोज बघायची आणि उद्यावर टाकायची. तेव्हा बोटं गेली ती तुझ्या एकट्याच्या हातून नाही. ती आता परत येत नाहीत, त्यावर रडून झालंय. कुणी पुन्हा रडायला लावलं नाही.

वीस तारखेला ते लोक आले. ठोक्या सहीही करेना आणि तुझं पत्रही खिशातून काढेना. बापाचं नाव त्याच्या तोंडून निघणार नाही हे मला कळलं. त्याने नोकरी घालवली असती, पण ते पत्र दाखवलं नसतं. मग मीच कागद ओढून घेतला आणि मागच्या बाजूला डाव्या हाताने लिहिलं. ही खिडकी माझ्या थोरल्या भावाने फळ्यांनी बुजवली, हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं, आणि आम्हा दोघांपैकी कुणीही माझ्या भाच्याला ते सांगितलं नाही. पुढे त्यांनी भावाचं पूर्ण नाव मागितलं. तिथे माझा हात थांबला. एवढी वर्षं जे झाकलं, ते लिहायचं होतं. समोर ठोक्या होता. मी पूर्ण नाव लिहिलं.

त्यांनी त्यांचा कागद परत नेलाय. ठोक्याला कामावर बोलावतील की नाही, अजून कळलं नाही. त्यांच्या दगडाचाही जाब मागितल्याशिवाय आता मी त्यांना सोडणार नाही.

तोंड नाही म्हणतोस. ज्या एका माणसापासून लपवत होतास तिला सगळं आधीच ठाऊक होतं, आणि तरी ती तुला दर पत्रात ये म्हणून लिहीत होती. आता तर तुझं नाव तिनेच सगळ्यांना सांगितलंय. रागावला असलास तर रागावलेला ये. माझी माया होती तेवढीच आहे, तुझीही मोजून आण.

तुझी धाकटी