टेपमधली कुईं आणि दंडातलं डुक्कर

आदरणीय लुपे वन्सं,

मारेताचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? तिकडे हेस्टिंग्जला थंडी पडली असेल, लोकरीचे मोजे घालत जा. आम्ही सगळे देवाच्या कृपेनं बरे आहोत. आईंचा खोकला थांबला. आनेताला चार दात आलेत आणि ती धरून उभी राहते, म्हणजे आता घरात काहीच जागेवर राहत नाही. माझी शाळा सातवीला सुटली हे तुम्हाला ठाऊकच आहे, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

पत्र लिहायचं कारण म्हणजे पिकअपचा टेप. दुसरं काही कारण नाही. तुमच्याकडं सफरचंदं तोडायला गेलेले आपल्या गावचे चौघं मागच्या आठवड्यात बोटीनं परत आले आणि पाचवा, म्हणजे तुमचा भाऊ तानिएलू, आला नाही, त्याबद्दल मी काही विचारत नाहीये. त्या चौघांतला इओआने म्हणाला की तानिएलूनं अजून दोन महिने मागून घेतलेत. हे सांगताना तो माझ्याकडं बघत नव्हता, माझ्या कोंबड्यांकडं बघत होता. फोन येऊन पाच आठवडे झाले, त्याबद्दलही मी विचारत नाहीये. तर, टेप.

गाडी चालू केली की टेपमध्ये कुईं वाजायचं ते तुम्हाला आठवत असेल. (तुम्ही नाताळात आला होता तेव्हा विचारलं होतं, गाडीत डास शिरलाय का म्हणून.) ॲक्सिलरेटर दाबला की ते चढायचं, सोडला की उतरायचं. गाडी बंद ठेवून टेप लावला की नावाला नाही. तुमच्या भावानं सीटखाली तो काळा डबा बसवला, आवाज मोठा करणारा, तेव्हापासूनचं हे दुखणं. तीन शनिवार तो डॅशबोर्डखाली उताणा पडलेला. मला दिसायचे नुसते पाय. तिसऱ्या शनिवारी आनेताला ताप चढला, आणि गाडीची सगळी आतडी बाहेर. मी चार महिन्यांचं पोर घेऊन बसनं दवाखान्यात गेले. परत आले ती ओरडतच. आईंच्या समोर म्हणाले, त्या टेपाशीच लग्न करायचं होतंस, मला कशाला आणलंस? त्यानं वायरी आत कोंबल्या, डॅशबोर्ड लावला. चार दिवसांनी त्याला बोटीवर सोडायला गेलो तर मी गाडीतून उतरलेसुद्धा नाही. पोर झोपलंय असं सांगितलं. पोर टक्क जागं होतं. वन्सं, तेवढं दार उघडून उतरले असते तर काय माझे पाय झिजले असते?

म्हणून मी ठरवलं, तो यायच्या आत ती कुईं घालवायची. मग तो गाडी चालू करेल, काही वाजणार नाही, आणि मला तोंडानं काही बोलावं लागणार नाही.

मी आपल्या एटुआलेला विचारलं, बस चालवतो तो. (त्याच्या बसमधली गाणी बस दिसायच्या आधी येतात, तरी कुईं नाही.) बस थांबवून, मागे सगळी माणसं बाजाराच्या टोपल्या घेऊन बसलेली, तो म्हणाला, "आधी अर्थिंग बघ. त्या काळ्या डब्याची काळी वायर बॉडीला कुठं आवळलीय बघ. रंगावर आवळली असेल तर ती अर्थिंग नाही, शोभा आहे." मागून त्याची सासू ओरडली, "अरे, तिला वायर काय दाखवतोस, तिला नवरा आणून दे!" सगळी बस हसली. मीपण हसले. घरी येऊन रडले.

पण एटुआलेचं खरं निघालं. बोल्ट सीटखाली रंगावरच आवळलेला. मी पाना आणि पॉलिश पेपर घेऊन रंग खरवडला, चकचकीत पत्रा काढला, वायर घट्ट बसवली. कुईं अर्धी झाली. अर्धी! वन्सं, मला इतका आनंद आनेताच्या वेळी झाला नव्हता. (तेव्हा दुखत होतं.) आणि त्याच आनंदात माझी वेळेची चूक झाली.

आपल्याकडं प्रार्थनेचा दुसरा शंख झाला की पानसुद्धा हलत नाही हे तुम्ही विसरला नसाल. मी सीटखाली डोकं घालून, गाडी चालू ठेवून, बारीक आवाजात ऐकत होते की कुईं कुठून येते. पहिला शंख ऐकलाच नाही. दुसरा ऐकला, आणि त्याच क्षणी आनेतानं उभं राहून आवाजाचं बटण धरलं आणि गर्रकन फिरवलं. गाणं कुठलं, तर नवऱ्याला घरी ठेवून नाचायला निघालेल्या बाईचं. अख्ख्या गावाला ऐकू गेलं. मी उठायला गेले तर डोकं सीटला आपटलं. बघते तर टेपला बटण नाही. बटण आनेताच्या तोंडात! माझा जीवच गेला. एका हातानं तिला उलटं धरलं, दुसऱ्या हाताचं बोट घशात. बटण निघालं तोवर त्या बाईची दोन कडवी नाचून झाली होती. किल्ली फिरवून गाडी बंद करायची, हे मला सुचलंच नाही. रस्त्यावर पहारा देणाऱ्या पोरांनी येऊन ती फिरवली. एक जण गाणं गुणगुणत होता.

सोमवारी पंचांपुढं उभं केलं. तुइलोमा काका म्हणाले, "नवरा परदेशात, आणि प्रार्थनेच्या वेळी घरात नाच?" पोराच्या घशातलं सांगितलं. ते म्हणाले, "पोर वाचलं, देवाची कृपा. दंडाचं डुक्कर आण." बोलून उपयोग नव्हता. तुमचा भाऊ येईल त्या दिवशी भट्टीत घालायला वाढवलेलं डुक्कर होतं ते. मीच नेऊन दिलं. आई वाटभर माझ्या मागं चालल्या. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर एटुआले स्वतः आला. (सासूनं पाठवला. तिला वाईट वाटलं म्हणे.) त्यानं पायाखालची चटई उचलली आणि कपाळावर हात मारला. "हे कुठल्या शहाण्याचं काम? बॅटरीची जाडी वायर आणि गाण्याची बारीक वायर एकाच बाजूनं, गळ्यात गळे घालून! हिचं तिला ऐकू जाणारच. गाण्याची वायर डावीकडून घ्यायला काय झालं होतं? इकडं तर सगळी मोकळी जागा."

तेव्हा मला आठवलं, वन्सं. डबा बसवला त्या दिवशी तुमच्या भावानं मला विचारलं होतं, पोरीला घेऊन तू कुठल्या बाजूला बसणार? मी म्हटलं, डावीकडं, अजून कुठं? मग त्यानं सगळ्या वायरी स्वतःच्या पायाखालून नेल्या. मोकळी जागा आमची होती. ती कुईं आमच्यामुळं होती, आणि तो तीन शनिवार ती शोधत होता, पण त्या वायरीला हात लावला नाही. मी एटुआलेला हे सांगितलं नाही. तो म्हणाला, रडतेस काय, निघेल आवाज. आणि निघालाही. वायर डावीकडून घेतली, कुईं संपली. गाडी चालू असून गाणं असं लागतं जणू माणूस शेजारी बसून गातोय. पण शेजारी कोणी नाही. आनेता वायरीला चटईवरूनच खेचते, मी दिवसभर तिच्या मुठी सोडवते.

तर असं झालं टेपचं. तुम्ही जपून राहा. मुलांना आमची आठवण सांगा. काही चुकीचं लिहिलं असेल तर लहान समजून माफ करा.

तुमची भावजय,
मारेता

ता. क. इओआनेच्या चुलतभावाबरोबर कोको पाठवलाय, मीच भाजलाय. अर्धा तानिएलूला द्या. मी पाठवला असं सांगा. नाहीतर आईंनी पाठवला सांगा, मग तरी घेईल.

ता. क. आवाज गेला हे त्याला सांगू नका. मारेतानं हात लावला आणि कुईं दुप्पट झाली, एटुआलेनंसुद्धा हात टेकले, असं सांगा. खोट्याचं पाप माझ्या नावावर. डुक्कर गेलं तेही सांगू नका, दुसरं छोटं आणलंय.

ता. क. इओआनेची बायको नळावर म्हणाली की तिकडं सफरचंदं भरायच्या शेडमध्ये एक टोंगा बेटावरची बाई तानिएलूला रोज डबा आणते. तुम्ही जवळ राहता, एकदा जाऊन बघून या. खोटं असेल तर लगेच फोन करा, कितीही वाजता. खरं असेल तरी त्याला घरी यायला सांगा. भांडायचं ते इथं येऊन भांडू.