पोत्यामागे दोन शेर

२ मार्च १९३४
मंगळवेढ्याची मायाक्का ज्वारीची पाच पोती घेऊन अडतीवर आली. मालाची पारख माझ्याकडे. पोकळ सळई पाचही पोत्यांत खुपसली — एक खडा निघाला नाही! तरी मालक गुरुबसप्पांनी गादीवरूनच सांगितलं, "कचऱ्यापोटी पोत्यामागे दोन शेर कडता कापा."
बाई म्हणाली, "सासूनं अन् म्या चार दिस चाळून निवडलंय. कचरा कुटं हाय, दावा की!"
"सगळ्यांना नियम एकच."
ती माझ्याकडे बघत होती. मी सळई पुसत राहिलो.

३ मार्च
दहा गाड्यांतली शेर-शेर ज्वारी चाळून पाहिली. कुणाच्या मालात चिमूटभर माती, कुणाच्या ओंजळभर. कडता मात्र सारखाच. मग चार दिवस निवडत बसेल कोण?

४ मार्च
मालकांना म्हटलं, मालाच्या दोन प्रती करू, स्वच्छ आणि कचऱ्याची. स्वच्छ मालाला कडता नको. "महिपती, प्रती लावल्या की रोज पन्नास भांडणं. ती तू सोडवणार?" — आणि हसले. माणूस वाईट नाही. आई आजारी होती तेव्हा डॉक्टर त्यांनीच आणला.

१९ मार्च
मायाक्का पुन्हा. आज सळईतून माती, भुसकट!
हळूच म्हणाली, "दोन शेर कापताच की. आमी दोन शेर घालूनच आणलं."
मालकांना बोललो नाही. दोन शेर कापून पोती आत घेतली. आम्ही कापतो तेच तिनं आणलं होतं.

२८ मार्च
पुण्याच्या व्यापाऱ्यानं चाळीस पोती परत धाडली. रेल्वेचं भाडं आमच्या माथी. चिठ्ठीत एकच ओळ — आधी चाळा, मग पाठवा. संध्याकाळी मालक मला जवळ बसवून म्हणाले, "त्या दिवशी काय म्हणत होतास तू?"

१ एप्रिल
आजपासून स्वच्छ मालाला कडता नाही! स्वच्छ कोणता, ते मी ठरवायचं. मालक सगळ्यांदेखत म्हणाले, "महिपती म्हणेल ते खरं." मंगळवेढ्याच्या गाडीवानाकडून मायाक्काला निरोप धाडला — चाळून आण. घरी येताना पावलं हलकी पडत होती.

६ एप्रिल
वळसंगच्या नागप्पाची दहा पोती. सळईत माती आली. त्यानं माझ्या मुठीत आठ आण्यांची अधेली दाबली.
मी मोठ्यानं म्हणालो, "स्वच्छ!" कुणी तपासलं नाही.