जुनिपरच्या जंगलातला झरा

नागोया, मंगळवार, १२ नोव्हेंबर १९९६

अखेर ऑफिसातला देशपांडे गळाला लागला. अमेरिकेतल्या उंच वाळवंटातलं ते जंगल, त्याचे जुने सर्व्हे नकाशे उन्हाळाभर मी कॉम्प्युटरवर उतरवले, आणि साहेबांना, मोरी-सानना, दाखवले याने, स्वतःचे म्हणून. विचारलं तर म्हणाला, "वहिनी, तुम्ही फक्त रेषा ओढल्यात." फक्त रेषा. डोळ्यांची वाट लागली त्यांच्यापायी.

म्हणून या वेळी जुनिपरच्या झाडीत मी एक झरा काढून ठेवला. मूळ नकाशात तिथे पाणीच नाही. आज मीटिंगमध्ये हा म्हणतो, "झरा पुसट होता, मीच शोधला." मोरी-सान खूश. ट्रेकिंगवाल्यांसाठी आपण जो नकाशा छापतोय, त्यात मुक्काम तिथेच दाखवू म्हणाले.

मुक्काम? हे कुठे माझ्या डोक्यात होतं? घरी नवरा, अनिल, म्हणतो, "सोड ना, देशपांडे मित्र आहे माझा."

तहानलेलं कुणी तिथवर गेलं तर? नाही, झरा उद्याच पुसायला हवा. पण मी नाही पुसणार. मूळ नकाशा मोरी-सानांसमोर पसरणार. उद्या भावजी वगैरे नाही. सगळ्यांना कळेल असं, जपानीतच विचारणार, "देशपांडे-सान, तुम्ही शोधलेला झरा यात जरा दाखवता?"